तिथलं खेडं वेगळं: खानापूरहून जर्मनीतल्या गावात राहायला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नी नर्स आहे. जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, श्वेबिश आल्ब या पठारावरच्या दीड हजार वस्तीच्या गावात, तिला वृद्धनिवासात नोकरी लागली आणि ती पुढं गेली. तुम्ही आणि पाच वर्षांची मुलगी ऑक्टोबरात जाणार. तुमचा दुचाकी दुरुस्तीचा धंदा आहे. विचारलंय ते थंडीच्या कपड्यांचं आणि जेवणाचं, आणि शेवटी लिहिलंय की "आम्ही खानापूर तालुक्यातल्या खेड्यातलेच, त्यामुळं खेड्यात राहायचं काही अवघड नाही."

बेळगाव भागातून जाणाऱ्या नर्सेसना जर्मन शिकवणं आणि त्यांच्या घरच्यांची तयारी करून घेणं हे माझं काम आहे. त्यावरून सांगतो, सगळ्यात आधी हे शेवटचं वाक्य डोक्यातून काढा. आपल्या खेड्यात काही अडलं की माणूस घराबाहेर पडतो. कट्ट्यावर, देवळाच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी भेटतंच. रस्त्याकडेला उभं राहिलं की बस नाहीतर टेंपो येतो. तिथं सकाळी अकरा वाजता गावच्या मुख्य रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. प्रत्येक गोष्टीला ठरलेली वेळ असते आणि ती आधी विचारून घ्यावी लागते. पत्नीला पहिल्या दिवसापासून सहकारी आणि भाषा मिळते, मुलीला बालवाडी मिळते. उरता तुम्ही, सकाळी आठ ते दोन घरात एकटे, हाताला काम नाही, बोलायला माणूस नाही. थंडी जॅकेटनं भागते, हे भागत नाही. माझ्या पाहण्यात जी कुटुंबं वर्षभरात कंटाळून शहर शोधायला लागली, त्यांतल्या बहुतेकांत अडचण नोकरी न करणाऱ्या जोडीदाराची होती.

काही गोष्टी गावावर अवलंबून राहणार. गावात किराणा दुकान आहे का, रेल्वे स्टेशन किती लांब, घरमालक त्याच इमारतीत राहतो का, हे पत्नीला आत्ताच विचारून ठेवा. दुकान असेल तर निम्मा ताण कमी होतो. नसेल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

गाडीचा परवाना. बसच्या वेळापत्रकात पुष्कळ फेऱ्यांपुढं "फक्त शाळेच्या दिवशी" अशी खूण असते. शाळेला सुट्टी लागली की त्या फेऱ्या बंद. काही गावांत रूफबुस असते, म्हणजे तास-दोन तास आधी फोनवर किंवा ॲपवर मागणी नोंदवली तरच येणारी बस. नोंदवली नाही तर थांब्यावर कितीही उभे राहा, येत नाही. पत्नीची सकाळची पाळी सहाच्या आसपास सुरू होते, त्या वेळी बस नसतेच. डॉइचलांडटिकेट हा देशभर चालणारा महिन्याचा पास २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. पास चांगला, पण बसच नसेल तर त्याचा उपयोग काय?

तुमचं भारतीय लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं. ऑक्टोबरात गेलात तर एप्रिलपर्यंत. त्यानंतर गाडी चालवली तर विनापरवाना चालवल्याचा गुन्हा होतो, साधा दंड नव्हे. भारतीय लायसन्स बदलून घेताना लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, मात्र ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास माफ असतात. सूट लायसन्सवर जो वर्ग आहे त्याच्यापुरतीच मिळते, आणि तुमच्यासाठी हेच महत्त्वाचं आहे. तुमच्याकडं फक्त दुचाकीचं लायसन्स असेल तर तिथं कारसाठी अगदी पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि त्यात तीन हजार युरो सहज जातात. म्हणून आजच लायसन्स काढून बघा. हलक्या चारचाकीचा वर्ग नसेल तर उद्याच लर्निंगचा अर्ज करा. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या परीक्षेला किमान ३० दिवस थांबावं लागतं, त्यामुळं सप्टेंबरपर्यंत ढकलू नका. आणि नुसतं कार्ड हातात येऊन भागत नाही, गाडी खरोखर चालवायला शिका. परीक्षा तिथं पुन्हा द्यायचीच आहे.

तिथं पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात जिल्हा कार्यालयात, म्हणजे लांड्राट्सआम्टमध्ये, अर्ज टाका. सोबत लायसन्स आणि त्याचं अधिकृत भाषांतर, फोटो, डोळे तपासल्याचा दाखला आणि प्रथमोपचाराच्या एका दिवसाच्या कोर्सचा दाखला लागतो. मंजुरीला आठवडेच्या आठवडे जातात. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, प्रत्यक्ष परीक्षा जर्मनमध्येच. ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून, शिक्षक शेजारी बसवून द्यायची असल्यामुळं सक्ती नसली तरी आठ-दहा तास घ्यावेच. एका ४५ मिनिटांच्या तासाला साधारण ६० ते ८० युरो पडतात. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवान्यावर तसं बंधन येऊ शकतं, तेव्हा स्कूलला आधीच विचारा.

आपली माणसं नापास होतात ती गाडी हाकता न आल्यामुळं नव्हे. खेड्यातल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत म्हणून पुढं जायचं, ही इकडची सवय तिथं पहिल्या पाच मिनिटांत परीक्षा संपवते. दुसरी चूक मान न वळवण्याची. वळताना आरशात बघणं पुरत नाही, खांद्यावरून मागं बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे. तिसरी, गावाची पिवळी पाटी. पाटीच्या आत ५०, पाटी ओलांडली की एरवी १००. रिकाम्या रस्त्यावर कारण नसताना ६० नं जाणं हीसुद्धा चूकच धरतात. आणि थांब्यावरच्या शाळेच्या बसचे चारही दिवे लुकलुकत असतील तर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी माणूस चालतो त्या वेगानंच पुढं जायचं.

कागदपत्रं थोडक्यात, पण सीमाभागातल्या माणसाला इथंच ठेच लागते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, असं आपल्याकडं सर्रास असतं. तिकडं आडनावाशिवाय कुठलाच फॉर्म पुढं सरकत नाही. नाव निघण्याआधी एकसारखं करून घ्या. दुसरं, १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या कागदावर बेळगाव, नव्यावर बेळगावी, हे वाचून तिकडच्या कारकुनाला दोन वेगळी शहरं वाटतात. भाषांतरकाराला तळाशी तशी टीप घालायला सांगा, एका ओळीचं काम आहे. मुलीचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या आणि लशींची सरकारी नोंद, कन्नडमध्ये असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून लशींच्या तारखा इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा असल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या पंचायत कार्यालयात, पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. लहान गावात हे कार्यालय आठवड्यातले काही तासच उघडं असतं, वेळ बघून जा. त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लावा. पत्नीचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लावा. पेटीवर नाव नसलं की पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि बँक, विमा, परवाना सगळं टपालानंच येतं.

आता घर. खानापूरच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते ती बाहेरून. तिथं जानेवारीत ओल येते ती आतून, आणि हे कळलं नाही म्हणून दरवर्षी कुणाच्या तरी बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी उगवते आणि घरमालकाशी वाद होतो. कारण सोपं आहे. वीस अंशांची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशांची जेमतेम ५. कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याची आंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे, तीन माणसांचा श्वास, हे सगळं पाणी हवेत राहतं आणि सगळ्यात थंड भिंतीवर जाऊन बसतं. आपण काय करतो? थंडी म्हणून खिडक्या घट्ट लावतो, नाहीतर एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवतो. दोन्ही चूक. किलकिल्या खिडकीनं हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते.

करायचं ते असं. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं. मग लावून हीटर पुन्हा चालू. बाहेर बर्फ पडत असलं तरी उघडा, ती हवा थंड असली तरी कोरडी असते. सकाळी उठल्यावर बेडरूममध्ये आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच, या दोन वेळा चुकवू नका. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र दहा-पंधरा युरोंना मिळतं. आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढं ठेवा. हीटरच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, तापतच राहते. बिल वर्षाच्या शेवटी एकदम येतं.

स्वयंपाकघरात गॅस बहुधा नसतो. इंडक्शन शेगडी असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते न्या. काचेची साधी विजेची शेगडी असेल तर कुठलंही भांडं चालतं, पण बूड सपाट हवं. गोल बुडाची कढई दोन्हीकडं निरुपयोगी. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा. धूर ओळखून कर्कश ओरडणारं यंत्र झोपायच्या खोल्यांत आणि त्यांच्या वाटेवर बसवणं सक्तीचं आहे, मोहरी तडतडली की ते इमारत जागी करतं. शेगडीवरचा पंखा पुष्कळ घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून आतच सोडतो. त्याची कोळशाची जाळी बदलली नाही तर लसणाचा वास कोटांना धरतो.

जिन्नसांची काळजी कमी करा. तुम्ही तांदळाची भाकरी खाणारे, आणि तांदळाचं पीठ, राइसमेल, साध्या सुपरमार्केटात मिळतं. गव्हाच्या पिठावर आकडे असतात, आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळपास मैदा. चपातीला १०५० घ्या, किंवा ५५० आणि पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं. नुसत्या पूर्ण गव्हाच्या पिठाची पोळी लाटताना फाटते. मसुरीची डाळ सगळीकडं असते. तूरडाळ, नाचणीचं पीठ, पोहे हे शहरातल्या आशियाई दुकानातून महिन्याला एकदा आणा. सामानात कुंदा, पेढे, तूप, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ नेऊ नका, युरोपीय संघात प्रवाशांना ते आणायला बंदी आहे. ओला कढीपत्ताही नको. मसाला, चटणी, सुकी मिरची खुशाल न्या.

रविवारी दुकानं बंद, त्यामुळं शनिवारी दुपारपर्यंत बाजार उरकायचा. २५ आणि २६ डिसेंबर दोन्ही सुट्ट्या, आणि २०२६ मध्ये त्या शुक्रवार-शनिवारी येतात. म्हणजे २४ च्या दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत दूधही मिळणार नाही.

कचऱ्याचं वेळापत्रक गावाकडून मिळतं, ते फ्रिजवर चिकटवा. प्लॅस्टिक आणि डबे पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या टोपलीत, कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, उरलेलं काळ्यात. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणं गावच्या टाकीत, पण रविवारी नव्हे, आवाज होतो. त्या भागात केअरवोखे म्हणून पद्धत आहे. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आणि दारासमोरची वाट झाडायची पाळी तुमची. भाडेकरारात बर्फ काढायचं काम तुमच्याकडं दिलं असेल तर बहुतेक गावांत सकाळी सातपर्यंत फूटपाथ मोकळा लागतो. कुणी घसरून पडला तर भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते.

थंडीचे कपडे इथं विकत घेऊ नका. मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचा बाजार गावोगाव शरदात आणि वसंतात भरतो. मुलीला चिखलात खेळायची जलरोधक विजार, रबरी बूट आणि बालवाडीत घालायच्या चपला लागतील. बालवाडी कुठल्याही हवेत मुलांना बाहेर काढते.

आता पुन्हा तुमच्याकडं. भाषेत तुमचं भांडवल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मोठं आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात जी पुढ्यात येईल ती, असं जगलेल्या माणसाला अर्धवट कळणाऱ्या भाषेत काम रेटायची भीती नसते. जर्मन मात्र इंग्रजीच्या वाटेनं शिकू नका. २५ ला ते "फ्युन्फ-उंड-त्स्वान्झिग" म्हणतात, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर, आपल्या पंचवीससारखं. वेळेचंही तसंच. "हाल्ब द्राय" म्हणजे अडीच. शब्दशः "अर्धा तीन" ऐकून आपला माणूस साडेतीन समजतो आणि डॉक्टरकडं तासभर उशिरा पोहोचतो. त्या भागात "फिअर्टल द्राय" म्हणजे सव्वादोन आणि "द्रायफिअर्टल द्राय" म्हणजे पावणेतीन. तीन वाजायच्या वाटेवर किती आलं, ते सांगायची ही रीत आहे. बोलीही वेगळी. पुस्तकात "फूस" म्हणजे पाऊल, तिथं अख्खा पाय. पुस्तकी मराठी शिकलेला माणूस आपल्याकडं येऊन "काय करलायस" ऐकतो, तेव्हा त्याचं जे होतं ते तुमचं सुरुवातीला होणार. बिनधास्त पुन्हा विचारा.

सरकारी भाषावर्गात भाषेचे ६०० आणि देशाच्या ओळखीचे १०० तास असतात. तो जवळच्या शहरात आणि बहुधा सकाळी भरतो, तुमच्या रिकाम्या वेळेत नेमका बसतो. अर्ज पत्ता नोंदवल्याबरोबर करा, जागा मिळायला वेळ लागतो.

माणसं कशी जोडायची? राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या घरांची बेल वाजवून नाव सांगा. नव्यानं आलेल्यानं जायचं असतं, ते येतील म्हणून वाट बघू नका. रस्त्यात दिसेल त्याला "ग्र्युस गॉट", म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणा, ओळख असो नसो. न सांगता कुणाच्या घरी चहाला जाऊ नका. "झी" आणि "डू" हे आपल्या तुम्ही-तूसारखं, पण "डू" म्हणायची सुरुवात वयानं मोठ्यानं करायची. गावचं साप्ताहिक पत्रक, मिट्टाइलुंग्सब्लाट, भाषांतर करून का होईना दर आठवड्याला वाचा. कचऱ्याची तारीख बदलली, पाणी बंद आहे, जत्रेला हात हवेत, सगळं त्यात असतं.

हात हवेत, ही ओळ शोधा. तिथली ओळख गप्पांतून कमी आणि बरोबर काम केल्यानं जास्त होते. प्रत्येक गावात फेराइन, म्हणजे मंडळं असतात: खेळाचं, बँडचं, बागकामाचं. आग विझवणारं दलसुद्धा गावकऱ्यांचं, बिनपगारी. त्यांच्या उत्सवाला मांडव घालायला आणि बाकडी उचलायला माणसं कमीच पडतात, आणि बाकडं उचलायला व्याकरण लागत नाही. दोन उत्सवांत राबलात की नावानं हाक मारतील.

तुमचा धंदा उपयोगी पडेल, पण जपून. शेजाऱ्याची सायकल हौसेनं नीट करून दिली तर उत्तमच. पैसे घेऊन गुपचूप काम करू नका, तो गुन्हा आहे. दुचाकी दुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढायला माइस्टर ही पदवी लागते, दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करायला नाही. जोडीदार म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर नोकरी करायची मुभा असते. मार्चमध्ये सगळे सायकली बाहेर काढतात आणि दुकानांत गर्दी होते, फेब्रुवारीत जाऊन विचारा. रविवारी ठोकाठोकी अजिबात नको, आणि अंगणात गाडीचं ऑइल कधीच बदलू नका. जमिनीत तेल मुरलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

घरी फोन करायच्या वेळेचंही सांगतो. हिवाळ्यात तिथली घड्याळं आपल्या साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, तेव्हा इकडं रात्रीचे नऊ झालेले असतात, आईवडील जेवून बसलेले असतात. फोनला तीच वेळ ठेवा. अंधार पडतानाच जीव कासावीस होतो, आणि मुलगीही तेव्हा घरी असते. सकाळी दहाला, घर रिकामं असताना, फोन लावायची सवय मात्र लावू नका. ते सकाळचे तास वर्गाचे, परवान्याच्या अभ्यासाचे आणि गावात पायी फिरून दिसेल त्याला "ग्र्युस गॉट" म्हणायचे आहेत.